आवाजाने दाखवलेला खेळ

रेडिओवर सामना ऐकताना मैदान दिसत नाही. ते बोलणाऱ्याने दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हे काम कॉवूड लेडफोर्ड यांनी १९५३ ते १९९२, अशी ३९ वर्षं केलं. ते कोळशाच्या खाणींच्या हार्लन भागातले. केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे सामने ते सांगत.

सुरुवातीलाच ते सांगायचे, आपला संघ तुमच्या रेडिओच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे चाललाय. स्टेशन लावताना काटा सरकतो, तीच ही पट्टी. एवढ्या एका वाक्याने घरातला रेडिओच मैदान व्हायचा. दूर डोंगरात राहणाऱ्यालाही चेंडू कुठे गेला ते कळायचं.

पुढे टीव्ही आला. तरी चाहते टीव्हीचा आवाज बंद करून चित्र तिथलं बघायचे आणि बोलणं लेडफोर्ड यांचंच ऐकायचे. कारण आपला संघ चुकला, तर ते तसं सांगत. समोरचा चांगला खेळला, तर त्याचंही कौतुक करत.

त्यांचा केंटकीसाठीचा शेवटचा सामना २८ मार्च १९९२ चा, ड्यूक विद्यापीठाविरुद्ध. केंटकी अगदी शेवटच्या क्षणी १०४-१०३ असा हरला. जिंकलेल्या संघाचे प्रशिक्षक मात्र लेडफोर्ड यांच्या माइकपाशी आले आणि त्यांचा गौरव करून गेले.

लेक्सिंग्टनच्या रप अरेनात खेळाडूंच्या जर्सींसोबत लेडफोर्ड यांच्या नावाचीही जर्सी टांगलेली आहे. आपणही माइकसमोर बसतो, तेव्हा ऐकणारीला आधी दिशा सांगूया, आणि मग खरं तेच सांगूया.