आकड्यामागचा हात : गरोदरपणातल्या तपासण्या, गैरसमज आणि वस्तुस्थिती

लोहाच्या गोळ्या पुरतील की इंजेक्शन लागेल, बाळंतपण गावातल्या आरोग्य केंद्रात करायचं की मिरज-कराड गाठायचं, हे बऱ्याचदा लॅबच्या रिपोर्टवर ठरतं. पण सातारा-सांगलीच्या घराघरांत या रिपोर्टविषयी काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे : रिपोर्ट मशिन देतं, त्यात माणसाचं काही काम नसतं.

गैरसमज : बटण दाबलं की आकडा येतो, त्याला शिक्षण कशाला?

वस्तुस्थिती : मशिन त्याच्यापर्यंत पोचलेलं रक्तच मोजतं. बोट जोरात पिळून थेंब काढला, तर त्यात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी दिसतो. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, तर तोच एचबी जास्त दिसू शकतो. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए बल्बमध्ये रक्त घेतल्यावर तो हलक्या हाताने अनेकदा उलटसुलट करावा लागतो. नाहीतर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट खोट्या कमी निघतात. बीपी वाढलेल्या गरोदर बाईच्या प्लेटलेट खरोखरच घटणं ही धोक्याची खूण असते, म्हणून खरं-खोटं वेगळं करता आलंच पाहिजे. लॅबच्या बहुतेक चुका रक्त मशिनमध्ये जाण्याआधी होतात. प्रशिक्षणाची सुरुवात सुईपासून करावी लागते ती त्यासाठीच.

गैरसमज : रक्त कमी म्हणजे लोह कमी, गोळ्या घेतल्या की झालं.

वस्तुस्थिती : गरोदरपणात एचबी 11 ग्रॅमच्या खाली गेला की रक्तक्षय आणि 7 च्या खाली गेला की तो गंभीर समजतात. सरकारी कार्यक्रमातली 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी 180 दिवस रोज घ्यायची असते, आणि ती घ्यायलाच हवी. पण गोळ्या नियमित घेऊनही एचबी हलत नसेल, तर काचपट्टीवरचा रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. लाल पेशी लहान आणि फिक्या असतील तर लोहाची कमतरता संभवते. मोठ्या असतील तर बी-12 किंवा फॉलिक ॲसिडची. थॅलेसेमियाच्या वाहकातही पेशी लहानच दिसतात, पण तो दोष लोहाने भरून निघत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. लहान पेशी पाहून पुढची तपासणी सुचवायची, ती नजर शिकवून तयार होते.

गैरसमज : घरात कुणाला शुगर नाही, आणि ती तपासणी उपाशीपोटीच करतात.

वस्तुस्थिती : गरोदरपणातला मधुमेह घराण्यात शुगर नसतानाही होतो. सरकारी केंद्रांतल्या पद्धतीत बाई जेवून आली असली तरी चालतं. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी साखर पाहतात. 140 किंवा जास्त आली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत तपासणी होते, ठीक आली तर 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. सॅम्पल दूरच्या लॅबला जाणार असेल, तर खरी मेख तिथे आहे. बल्बमधल्या पेशी साखर वापरत राहतात आणि तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर घटते. पाटण किंवा जतच्या आडगावातून साध्या बल्बमध्ये निघालेलं सॅम्पल लॅबमध्ये नॉर्मल निघू शकतं. त्यासाठी करड्या टोपणाचा फ्लोराइड बल्ब असतो. तोही घट लगेच थांबवत नाही, म्हणून सॅम्पल लवकर पोचवावं लागतं.

गैरसमज : पहिलं बाळंतपण सुखरूप झालं, आता रक्तगटाची काय चिंता?

वस्तुस्थिती : आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही. बाळंतपणात आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं पुढच्या बाळाच्या लाल पेशींवर हल्ला करतात. म्हणून जन्मल्याबरोबर नाळेच्या रक्तातून बाळाचा गट पाहतात आणि तो पॉझिटिव्ह असल्यास 72 तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन देतात. गर्भपातानंतरही ते लागू शकतं. गट तपासताना झालेली एक चूक पुढच्या बाळाला भोवते.

गैरसमज : आमच्याकडे एचआयव्ही, व्हीडीआरएल कशाला? उगाच बदनामी.

वस्तुस्थिती : या तपासण्या सगळ्याच गरोदर बायकांच्या होतात, संशय आला म्हणून नव्हे. उपचार नसतील तर आईकडून बाळाला एचआयव्ही होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. वेळेत औषधं मिळाली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. व्हीडीआरएलमधून कळणारा सिफिलिस अनेकदा लक्षणांशिवाय असतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. आईला हिपॅटायटिस बी असेल, तर जन्मल्यापासून 24 तासांत दिलेली लस बाळाला मोठं संरक्षण देते. निकाल कुणाला सांगायचा आणि कुणाला नाही, हाही टेक्निशियनच्या शिक्षणाचाच भाग आहे.

गैरसमज : रिपोर्टवर सही कुणाचीही चालते.

वस्तुस्थिती : तपासणी करणारा टेक्निशियन आणि निष्कर्षाची जबाबदारी घेणारा पॅथॉलॉजिस्ट ही दोन वेगळी कामं. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी केल्यावर पॅथॉलॉजिस्ट होता येतं. रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलं. हे शिक्षण घ्यायला पुण्या-मुंबईलाच जावं लागतं असंही नाही. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे, कराडचं कृष्णा 1984 पासून.

पण महाविद्यालयातलं शिक्षण उपकेंद्रातल्या सिस्टरपर्यंत पोचलं नाही, तर आकडा बिघडतो तो तिथेच. तिला नवं मशिन मिळतं तेव्हा ते कसं चालवायचं हे सांगितलं जातं. पण बोट किती दाबायचं, बल्ब किती वेळा उलटवायचा, सॅम्पल किती वेळात निघालं पाहिजे, हे पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. गरोदर बाईच्या घरच्यांनीही एवढं करावं : रिपोर्टवरची सही आणि पात्रता वाचावी, आकडा लक्षणांशी जुळत नसेल तर फेरतपासणी मागावी, आणि ऊसतोडीला किंवा माहेरी जाताना सगळे रिपोर्ट माता-बाल संरक्षण कार्डासोबत न्यावेत.