बीजं जास्त म्हणजे यश जास्त?

फॉलिकल स्टडीच्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून पंचवीस-तीस पुटिका दिसल्या की घरचे हरखतात. ‘लय बीजं बनली, आता होतेच काम!’ टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातला हा सगळ्यात पक्का समज, आणि सगळ्यात धोक्याचाही. ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक उपचारांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. बीजांची संख्या साधारण 15 होईपर्यंत मूल होण्याची शक्यता वाढत गेली, 20 च्या पुढे ती उलट घटली. वाढत राहिला तो ओएचएसएसचा, म्हणजे अंडाशय अति उत्तेजित होण्याचा धोका.

हे घडतं कसं? बीजं पिकवायला शेवटी जे ट्रिगरचं इंजेक्शन देतात, ते पुष्कळदा एचसीजी या संप्रेरकाचं असतं. त्याच्या प्रभावाखाली सुजलेली अंडाशयं व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडतात आणि बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, कधी छातीतही साचतं. रक्त दाट होतं, लघवी कमी होते, गुठळी होण्याची भीती वाढते. पोट फुगलं म्हणजे औषध लागू पडलं, असं म्हणून थांबणं म्हणूनच योग्य नाही.

धोका कोणाला, याचा अंदाज इंजेक्शनं सुरू होण्याआधीच बांधता येतो. पीसीओएस (अंडाशयांत पुष्कळ लहान पुटिका दिसणारा संप्रेरकांचा विकार), 3.4 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलेलं एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), सोनोग्राफीत 24 हून जास्त लहान पुटिका, कमी वय, आधी एकदा झालेला हाच त्रास. रिपोर्टात एएमएच भरपूर दिसलं की आपण निश्चिंत होतो. खरं तर औषधाचा डोस बेताचा ठेवायची ती सूचना असते.

‘ती तर काडीसारखी बारीक, तिला कसला धोका?’ हेही नेहमीचं. बारीक अंगाच्या तरुण बाईला ओएचएसएस होऊ शकतो, पीसीओएसही असू शकतो. शिवाय आपल्याकडे वजनकाटा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3 होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के, याज्ञिकांच्यात 21.2 टक्के भरली. ही लपलेली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही. मग शरीर इन्सुलिन वाढवतं आणि त्याने अंडाशयातली पुरुषी संप्रेरकं वाढतात. ‘मला कुठं शुगर आहे, मग शुगरची गोळी कशाला?’ म्हणून मेटफॉर्मिन सोडून देणाऱ्या बाईला हे कोणीतरी बसवून समजावून सांगायला हवं. काही उपचारपद्धतींत हीच गोळी पीसीओएस असलेल्या बाईचा ओएचएसएसचा धोका कमी करते. ज्यांना मधुमेह आहेच, त्यांनी गर्भ राहण्याआधी एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, शक्यतो 6.5 टक्क्यांच्या खाली आणावा.

थायरॉइडची गोळी चालू आहे म्हणजे तो विषय मिटला, असंही नाही. इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन चढतं, तसा टीएसएचही वर जाऊ शकतो. जुन्या रिपोर्टावर भागवू नये.

‘गर्भ गोठवून ठेवतात, म्हणजे पैसे काढायचा धंदा.’ हा संशय मला समजतो, कारण खर्च खरंच वाढतो. पण धोका जास्त असेल तेव्हा एचसीजीऐवजी दुसरं ट्रिगर देणं आणि त्या महिन्यात गर्भ न सोडणं, हाच जपणारा मार्ग. गर्भ राहिला की तो स्वतःच एचसीजी तयार करतो आणि त्रास भडकतो. चीनमध्ये पीसीओएस असलेल्या स्त्रियांवर झालेल्या 2016 च्या अभ्यासात ताजा गर्भ सोडल्यावर 7.1 टक्के स्त्रियांना ओएचएसएस झाला, गोठवलेला सोडल्यावर 1.3 टक्के, मूल होण्याचं प्रमाणही 42 वरून 49.3 टक्क्यांवर गेलं. मात्र गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार गोठवलेला गर्भ सोडलेल्या स्त्रियांत जास्त दिसला, तेव्हा पुढे बीपीवर नजर हवी.

आपल्या वऱ्हाडात आणखी दोन गोष्टी. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो आणि कमी लघवीचा दोष सरळ उन्हाला दिला जातो. ट्रिगरच्या इंजेक्शनानंतरच्या पंधरवड्यात ती सूट देऊ नका. दिवसात किलोभर वजन वाढलं, धाप लागली, उलट्या थांबेनात, एकच पाय सुजून दुखू लागला, तर रात्र काढू नका. विदर्भात सिकलसेल पुष्कळ. तो आजार असेल तर उपचाराआधीच डॉक्टरांना सांगा, कारण दाट रक्त अशा बाईला फार महागात पडतं.

त्रास बहुधा सेंटरमध्ये होत नाही, दर्यापूर-मूर्तिजापूरकडे घरी परतल्यावर होतो. जवळच्या डॉक्टरांना ट्रिगरची तारीख आणि औषधांचा कागद दाखवा. नाहीतर सूज पाहून लघवीची गोळी दिली जाते, आणि आधीच दाट झालेलं रक्त तिने आणखी दाट होतं.