शरदांतील रान आणि खाडी

शाळेंत मुलांना ऋतु शिकवितांना एक अडचण मला वर्षानुवर्षें जाणवत आली. इंग्रजी पुस्तकांत शरदाचें चित्र आलें, कीं त्यांत पिवळीं-तांबडीं पानें गळतांना दाखविलेलीं असत. आणि वर्गाच्या खिडकीबाहेर आश्विनाच्या उन्हांत झाडें हिरवींगार उभीं असत. मुलांना पुस्तकांतलेंच चित्र खरें वाटे. आपला शरद पानगळीचा नाहीं, मग तो आहे तरी कशाचा, हें आज सांगावयाचें आहे. त्यासाठीं दूरच्या अरण्यांत जाण्याचें कारण नाहीं. मीरा-भाईंदर हें आपलें गांव पुरेसें आहे.

या गांवाच्या पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र, मध्यें दाट वस्ती आणि तिच्या कडेनें मिठागरें. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांच्या या उद्यानास आजचें नांव १९९६ सालीं मिळालें. बोरिवलीच्या दारानें आंत जाणारे लोक पुष्कळ. परंतु काशी, चेणे व घोडबंदर यांकडील त्याची उत्तरेची कड फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रथम हवेचा विचार करूं. नैर्ऋत्य मोसमी वारे मुंबईच्या परिसरांतून परतण्याची सर्वसाधारण तारीख, हवामान खात्यानें २०२० सालीं सुधारलेल्या कोष्टकाप्रमाणें, ८ ऑक्टोबर ही आहे. ढगांचें छत्र जातें, पण जमीन अजून ओली असते. ऊन त्या ओलीची वाफ करतें, समुद्रावरचा वारा मंदावलेला असतो. म्हणून ऑक्टोबरचा उकाडा इतका त्रासदायक वाटतो. माणसास नकोसे वाटणारे हे दिवस झाडांना मात्र पर्वणीचे असतात. झाड पान टाकतें तें अडचणींत सांपडल्यावर. थंड देशांत दिवस लहान होऊं लागले व गारठा वाढला, म्हणजे पान बाळगणें झाडास परवडत नाहीं. आपल्याकडील अडचण थंडीची नसून पाण्याची आहे, आणि ती पुढें येते. साग, सावर, पांगारा हीं झाडें जमिनींतील ओल आटल्यावर, हिंवाळ्याच्या उत्तरार्धांत व उन्हाळ्याच्या तोंडावर पानें झाडतात. आश्विनांत मुळाशीं पाणी आणि माथ्यावर स्वच्छ ऊन असतें. पानाच्या कामास याहून चांगला काळ नाहीं. पाणी आटण्यापूर्वीं आपलें काम उरकून घेण्याची सर्व जीवांची घाई, हेंच आपल्या शरदाचें खरें लक्षण होय.

ही घाई रानांत पदोपदीं दिसते. तेरड्याचा रंग तीन दिवस अशी आपली म्हण आहे. पण रंग गेल्यावर खरें काम सुरू होतें. पिकलेल्या बोंडास बोट लागतांच तें फुटतें व बीं दूर उडतें. खुळखुळ्याच्या शेंगा वाळून वाजूं लागतात. त्याच झुडपांवर निळसर पट्ट्यांचीं काळीं फुलपाखरें थव्यानें चिकटलेलीं आढळतात. तीं बहुधा नर असतात, आणि तीं मध शोधीत नसून त्या झाडांतील एक विषारी द्रव्य शोषून घेत असतात. त्यापासून मादीस आकर्षिणारा गंध त्यांना तयार करतां येतो, आणि पक्ष्यांना तीं बेचव लागतात. पायवाटांवर मोठ्या रानकोळ्यांचीं सोनेरी जाळीं ताणलेलीं असतात. मध्यभागीं हाताच्या पंजाएवढी मादी, आणि कडेस नखाएवढा नर.

महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं राज्य फुलपाखरूं म्हणून मान दिलेली राणी पाकोळीहि या दिवसांत दिसते. तिचे पंख काळे मखमली असून त्यांवर निळी झांक असते. लिंबाच्या कुळांतील झाडांवर ती अंडीं घालते. तेव्हां सज्जांतील कुंडींत लिंबाचें रोप असेल व त्याचीं पानें कुरतडलेलीं दिसलीं, तर औषध मारण्यापूर्वीं ती अळी कोणाची, हें गृहिणींनीं एकदां पाहावें.

कारवीची रीत सर्वांहून निराळी आहे. सात वर्षें हें झुडूप नुसतें वाढतें, आठव्या वर्षीं सारा डोंगर जांभळा करून फुलतें, बीं धरतें आणि मरतें. या उद्यानांत २०१६ व २०२४ या सालीं तिचा बहर आला. पुढील बहर २०३२ सालीं अपेक्षित आहे. सारीं झुडपें एकदम फुललीं, म्हणजे बियांचा इतका सुकाळ होतो, कीं खाणारांचीं पोटें भरूनहि पुष्कळ बीं मागें उरतें.

आतां रान सोडून मोकळ्या मैदानावर येऊं. तेथें संध्याकाळीं पिंगट-पिवळ्या चतुरांचे थवे भिरभिरतांना आपण पाहतों. पावसाच्या डबक्यांत हे दीड-दोन महिन्यांत वाढतात, आणि डबकीं आटण्यापूर्वीं निघून जातात. जातात कोठें? मालदीव बेटांत राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनीं २००९ सालीं असें मांडलें, कीं हे इवलेसे कीटक वाऱ्याच्या साह्यानें समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेस पोहोंचतात. मालदीवांत गोड्या पाण्याचे सांठे जवळजवळ नाहींत. तरी ऑक्टोबर आला कीं तेथें चतुरांचे थवे उतरतात, हा त्यांच्या तर्काचा एक मोठा आधार होता.

एक पाहुणे जातात तों दुसरे येतात. शेपटी सारखी खालींवर हालविणारा धोबी पक्षी उत्तरेकडून येऊन गच्चीवर व मैदानावर वावरूं लागतो. विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या रांगेनें बसतात. खाडीच्या चिखलांत तुतवार चोंच खुपसूं लागतात; मागाहून थापट्या व तलवार बदक हीं बदकें मध्य आशिया व सैबेरियाकडून येतात.

या पाहुण्यांच्या संबंधांत मिठागरांचें महत्त्व नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. तुतवारादि पक्षी ओहोटीच्या वेळीं उघड्या पडलेल्या चिखलांतील किडे टिपतात. परंतु दिवसांतून दोनदां भरती येऊन तो चिखल बुडतो. त्या वेळीं लांब पाय असूनहि त्यांना पाण्यांत उभें राहतां येत नाहीं, आणि झाडावर बसण्याची त्यांना संवय नाहीं. मिठागराचे मोकळे बांध व उथळ कोंड्या हेंच तेव्हां त्यांचें विश्रांतिस्थान असतें. खाडी राखली आणि मिठागरें भरून टाकलीं, तर पक्ष्यास अर्ध्या दिवसाचें अन्न मिळेल, पण उरलेला अर्धा दिवस पाय टेकावयास जागा राहणार नाहीं.

मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यांतील कांदळवनांच्या तोडीस मनाई करणारा निकाल दिला. ही समाधानाची गोष्ट आहे. पण मोकळा चिखल आणि ओसाड भासणारें मिठागर यांच्या बाजूनें बोलणारे थोडे. तेथें झाड नाहीं, सांवली नाहीं. म्हणून ती जागा रिकामी, अशी आपली समजूत होते. शहरास घरें हवींत, हें खरें. परंतु जी जागा आपण रिकामी समजतों, ती वर्षांतील सहा महिने भरलेली असते, एवढें तरी ती भरून टाकण्यापूर्वीं आपणांस ठाऊक असावें.

पालकांस माझी एक सूचना आहे. या शरदांत मुलांना एक कोरी वही द्या. पहिला धोबी कोणत्या तारखेस दिसला, चतुरांचे थवे केव्हां नाहींसे झाले, दारांतील झाडानें पहिलें पान केव्हां टाकलें, एवढेंच त्यांनीं त्यांत लिहावें. पांच वर्षें हें टिपण ठेविलें, तर आपल्या गांवच्या ऋतूंचें एक खरें पुस्तक त्या घरीं तयार होईल. आणि त्यांतील शरदाचें चित्र खिडकीबाहेरच्या शरदाशीं जुळणारें असेल.