येऊर : महापालिकेच्या हद्दीतलं रानातलं गाव

ठाण्यात कॅडबरी नाक्यावरून पोखरण रस्ता क्रमांक एकला वळलं, की आधी जेकेग्राम, मग वर्तकनगरच्या म्हाडा वसाहती आणि शेवटी उपवन तलाव लागतो. तिथून रस्ता चढणीला लागतो. वनखात्याचा नाका ओलांडला की दोन्ही बाजूंनी झाडी दाटत जाते आणि वर डोंगरात येऊर गाव येतं. ठाणे महापालिका १९८२ साली स्थापन झाली. येऊर तिच्या हद्दीत आहे, पण गावाचं रोजचं जगणं आजही रानाच्या वेळापत्रकावर चालतं.

साष्टी बेटाच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगेवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर. त्याचा पश्चिमेचा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि पूर्वेचा ठाणे जिल्ह्यात मोडतो. उद्यानातलं सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ, उंची सुमारे पावणेपाचशे मीटर. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव याच डोंगरांच्या कुशीत बांधले गेले. येऊर पूर्वेच्या अंगाला आहे. इथले ओढे ठाण्याकडे उतरतात आणि डोंगरावरून आलेलं पाणी उपवन तलावात साठतं.

येऊर म्हणजे एकच सलग वस्ती नव्हे. पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, भेंडीपाडा, रोणाचा पाडा असे पाडे डोंगरभर विखुरलेले आहेत. ओढा, थोडी सपाट जमीन आणि भाताचं खाचर जिथे मिळालं, तिथे पाडा वसला. मूळ वस्ती आदिवासींची, त्यातही वारल्यांची ठळक. जुनी घरं कुडाची असत. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. आता विटा-पत्र्याची घरं वाढली आहेत, पण कारवीची ओळख सुटलेली नाही. हे झुडूप आठ वर्षांतून एकदा फुलतं. २०१६ आणि २०२४ साली या डोंगरांचे उतार जांभळे झाले होते. पुढचा बहर २०३२ साली.

रानाचं खरं ज्ञान ताटात दिसतं. पहिल्या पावसात जमिनीतून शेवळं वर येतात. नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. म्हणून भाजीत काकड झाडाची आंबट फळं घालतात. त्या आंबटपणाने खाज मारली जाते. कुठलं पान कोवळं असतानाच खुडायचं, कुठला कंद उकळून पाणी फेकायचं, हे बायका आईकडून आणि सासूकडून शिकत आल्या. टाकळा आणि कुरडू पावसाळ्यात, करवंदं आणि जांभळं उन्हाळ्यात. ठाण्याच्या बाजारात रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेल्या आदिवासी बायकांकडे हीच रानभाजी आणि रानमेवा असतो. डोंगराशी ठाणेकरांचा सर्वांत जुना व्यवहार हाच.

मग बिबट्या. तो इथे पाहुणा नाही, रहिवासी आहे. बिबट्यावर चिडून किंवा त्याला भिऊन इथे राहता येत नाही, हे वारल्यांनी फार पूर्वीच ओळखलं आणि वाघोबाला देव मानलं. शेंदूर लावलेल्या दगडात किंवा लाकडी फळीवर वाघ कोरून त्याची पूजा होते. वाघबारसेला नैवेद्य दाखवला जातो. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी असल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने केली. या श्रद्धेमुळे हल्ले थांबत नाहीत, पण जनावराच्या वाटेत जायचं नाही आणि अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडायचं नाही, ही शिस्त तिच्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या आली.

ही शिस्त मोडते ती खालून वर येणाऱ्या गर्दीने. उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा सुमारे ४० टक्के असल्याचं २०१८ सालच्या एका अभ्यासात मांडलं गेलं. हॉटेलांचं आणि सहलींचं खरकटं जिथे पडतं तिथे कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीच्या जवळ सरकतो. मेजवानी करणारे रात्रीत घरी जातात. त्यांनी टाकलेल्या कचऱ्याची किंमत पाड्यातल्या माणसाला मोजावी लागते. रात्री वाजणारे ध्वनिवर्धक आणि खेळाच्या टर्फवरचे प्रखर दिवे यांविरुद्ध येऊरचे रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी वर्षानुवर्षं तक्रारी करत आले आहेत. ती तक्रार केवळ झोपमोडीची नाही.

जमिनीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला देता येत नाही, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ पासून आहे. तरीही येऊरच्या डोंगरात बंगले आणि हॉटेलं उभी राहिली. दुसरीकडे, पाड्यापर्यंत रस्ता किंवा जलवाहिनी न्यायची तर वनखात्याचं दार ठोठावावं लागतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने शाळा, पिण्याचं पाणी, रस्ते अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची सोय केली. अट अशी, की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पण महापालिका हद्दीत ग्रामपंचायतच नसते, मग ग्रामसभा कुणाची, हा प्रश्न उरतो. कर आणि नळ महापालिकेकडे, झाडं वनखात्याकडे, सातबारा महसूल खात्याकडे, शिवाय डोंगरावर हवाई दलाचं ठाणं. या सगळ्यांमध्ये पाड्याचा अर्ज फिरत राहतो.

आता डोंगराच्या पोटातूनही रस्ता जातो आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. ११.८ किलोमीटरच्या या मार्गाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाईल. घोडबंदर रस्त्यावर तास-तास अडकणाऱ्यांना त्याने दिलासा मिळेल. मात्र ज्या डोंगराखालून हा मार्ग जातो, त्याच्या माथ्यावरच्या पाड्यांना प्यायचं पाणी नियमित मिळावं, ही मागणी त्यापेक्षा कमी तातडीची नाही.

दर बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांजवळ मचाणं बांधतं आणि वनकर्मचारी व स्वयंसेवक रात्रभर बसून पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. येऊरकडे कसं पाहावं, हे शिकायचं असेल तर त्या रात्रीच्या शिस्तीतून शिकावं. येऊरला जायचं तर दिवसा जा, अंधार पडायच्या आत खाली उतरा, नेलेला कचरा परत आणा, गाडीतली गाणी नाक्यावरच बंद करा. पावसाळ्यात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून शेवळं घ्या, आणि काकडं मागायला विसरू नका.