डीपी नको, ठसा काढा: लिनोकटमध्ये स्वतःची ओळख कशी कोरतात?

शाळेचा दाखला, आधार कार्ड, नोकरीचा अर्ज, इन्स्टाग्रामचा बायो. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाचं उत्तर आपण शेकडो वेळा भरून देतो. पण रकाने आधीच कुणीतरी आखून ठेवलेले असतात. नाव, आडनाव, जन्मतारीख, जात, पत्ता. या रकान्यांत न मावणारं जे काही उरतं, त्याचं काय करायचं?

जगभरातल्या अनेक कलाकारांनी ते एका साध्या, स्वस्त वस्तूवर कोरून काढलं. ती वस्तू म्हणजे लिनोलियमचा तुकडा. त्यावर चित्र कोरून कागदावर छापलं की झाला लिनोकट. यासाठी चित्रकलेची पदवी लागत नाही, मोठा छापखानाही लागत नाही. घरातलं टेबल आणि स्वयंपाकघरातला चमचा पुरतो.

हे नेमकं कसं करतात, आणि 'मी कोण' हे सांगायला हेच माध्यम इतकं सोयीचं का ठरलं, ते समजून घेऊ.

लिनोकट म्हणजे काय?

रबरी शिक्का आठवा. शिक्क्याचा जो भाग उंच असतो त्याला शाई लागते आणि तोच कागदावर उमटतो. खोलगट भाग कोरा राहतो. लिनोकटचं तत्त्व हेच आहे. जे कोरून काढाल ते पांढरं दिसणार, जे ठेवाल ते काळं दिसणार.

लिनोलियम हे मुळात कलेचं साहित्य नव्हतंच. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते जमिनीवर अंथरण्यासाठी. जवसाचं तेल आटवून घट्ट करायचं, त्यात बुचाची भुकटी मिसळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापायचा, अशी ती कृती. नावातही जवस आणि तेल यांचे लॅटिन शब्द आहेत.

लाकडाला रेषा असतात, त्यामुळे हत्यार एका दिशेने सहज जातं आणि दुसऱ्या दिशेने अडतं. लिनोला अशी दिशा नसते. ते मऊ असतं, कुठूनही वळवून कापता येतं आणि लाकडापेक्षा स्वस्त पडतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या चित्रकारांनी हे हेरलं. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी तर लहान मुलांच्या हातात लिनो दिलं. पुढे पिकासोनेही शंभरहून जास्त लिनोकट केले.

आपल्याकडे नंदलाल बोस यांचा १९३० चा लिनोकट तुम्ही नक्की पाहिला असेल, नाव माहीत नसलं तरी. काळ्या पार्श्वभूमीवर हातात काठी घेऊन चालणारे गांधीजी. दांडी यात्रेच्या वर्षी केलेलं हे चित्र आहे. चेहऱ्यावर मोजक्याच रेषा, तरी माणूस क्षणात ओळखू येतो. ओळख पटायला तपशिलांचा ढीग लागत नाही, हे या चित्रातून शिकण्यासारखं आहे.

'मी' असं म्हणणारी १५ चित्रं

लिनोकट आणि ओळख या विषयात एलिझाबेथ कॅटलेट यांचं नाव टाळता येत नाही. त्यांचा जन्म १९१५ चा, वॉशिंग्टनमधला. आजी-आजोबा गुलामगिरीत जगलेले. कॅटलेट शिकून कलाकार झाल्या आणि १९४६ मध्ये मेक्सिकोला गेल्या. तिथे सामान्य लोकांसाठी स्वस्तात चित्रं छापणारी एक कार्यशाळा होती, 'तायेर दे ग्राफिका पोपुलार'. तिथे काम करताना १९४६-४७ मध्ये त्यांनी १५ लिनोकटची एक मालिका केली. आज ती 'कृष्णवर्णीय स्त्री' या नावाने ओळखली जाते.

या मालिकेची गंमत तिच्या शीर्षकांत आहे. बहुतेक शीर्षकं प्रथमपुरुषी आहेत. मी कृष्णवर्णीय स्त्री आहे, मी नेहमीच कष्ट केले आहेत, अशा अर्थाची. एका चित्राच्या शीर्षकाचा अर्थ होतो, माझ्यासाठी खास आरक्षण आहे. चित्रात पाहावं तर बसमध्ये बसलेल्या बायका आणि 'फक्त कृष्णवर्णीयांसाठी' अशा अर्थाची पाटी. नुसत्या शीर्षकातला टोमणा चित्र पाहिल्यावर काळजाला लागतो.

काही चित्रांत हॅरिएट टबमन यांच्यासारख्या इतिहासातल्या स्त्रिया आहेत, तर काहींत शेतात आणि दुसऱ्यांच्या घरात राबणाऱ्या बिननावाच्या बाया. पण सगळ्यांसाठी शब्द एकच, 'मी'. म्हणजे कॅटलेट यांनी स्वतःचा चेहरा न काढताही स्वतःची ओळख सांगितली.

त्यांचं १९५२ चं 'शेअरक्रॉपर' हे चित्रही पाहा. दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारी एक वयस्कर स्त्री. डोक्यावर रुंद गवती टोपी. अंगातलं जाकीट गळ्याशी एका सेफ्टी पिनने अडकवलेलं. तिची गरिबी त्या पिनेत दिसते, तर ताठ नजरेत तिचा स्वाभिमान. एक छोटी वस्तू माणसाबद्दल किती बोलते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण क्वचितच मिळेल.

अंधेरीत राहणारा, आडनाव टाकलेला चित्रकार

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. चित्तप्रसाद यांचा जन्मही १९१५ चाच, पण बंगालमधला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव फिरून त्यांनी भुकेलेल्या माणसांची रेखाटनं केली. 'हंग्री बंगाल' या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत आले आणि अनेक वर्षं अंधेरीत राहिले. तिथे त्यांनी बालमजुरांवर लिनोकटची एक मालिका केली. ज्या वयात परीकथा ऐकायच्या, त्या वयात कामाला जुंपलेली ही मुलं.

चित्तप्रसाद यांचं आडनाव भट्टाचार्य. पण जातिव्यवस्थेला विरोध म्हणून त्यांनी ते लावणं सोडलं. चित्रांखाली फक्त चित्तप्रसाद. ज्या महाराष्ट्रात नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न 'पूर्ण नाव काय?' असा येतो, तिथे या सहीचं वजन वेगळं सांगायला नको.

आता तुमचा ठसा: आधी ठरवायचं काय?

हत्यार हातात घेण्याआधी एक कागद घ्या आणि तीन याद्या करा. सरकारी फॉर्म तुमच्याबद्दल काय विचारतो? नातेवाईक तुमची ओळख करून देताना काय सांगतात? आणि तुम्ही स्वतः काय सांगाल?

तिसरी यादी बहुतेकांना सगळ्यात अवघड जाते. अडलात तर वस्तू आठवा. आजीची विळी, एसटीचा पास, वडिलांच्या शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन, शेतातला कोयता, वसतिगृहाच्या खोलीची किल्ली. यातल्या एक-दोन वस्तू निवडा. दहा वस्तू कोंबल्या तर चित्राचं कपाट होतं.

दुसरा निर्णय काळ्या-पांढऱ्याचा. लिनोकटमध्ये सपाट करडा रंग मिळत नाही. छटा हवी असेल तर बारीक रेषा जवळजवळ कोराव्या लागतात. त्यामुळे चेहरा कोरताना दोन मार्ग उरतात. एक, चेहरा कोरून पांढरा करायचा आणि फक्त नाक-डोळ्यांच्या रेषा ठेवायच्या. दुसरा, चेहरा काळाच ठेवायचा आणि त्यात पांढऱ्या रेषांनी नाक-डोळे उजळायचे.

फोनचा ब्यूटी फिल्टर न विचारता चेहरा गोरा करतो. इथे तो निर्णय तुमच्या हातात असतो. 'सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस' हे वाक्य ऐकत मोठ्या झालेल्या मुलीने स्वतःचा चेहरा मुद्दाम काळा ठेवला, तर तिथे वाक्यातला 'पण' गळून पडतो.

उलट-सुलटचा खेळ

लिनोवर जे कोराल त्याचं उलटं कागदावर येतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. म्हणजे आरशात पाहून काढलेलं चित्र जसंच्या तसं कोरलं, तर छापून येणारा चेहरा जगाला दिसतो तसा असतो. सेल्फी काढताना स्क्रीनवर आपण आरशातल्यासारखे दिसतो आणि सेव्ह झालेला फोटो अनेकदा जरा परका वाटतो, तसाच हा प्रकार.

खरी परीक्षा नाव कोरताना होते. देवनागरी अक्षरं उलटी कोरायची तर शिरोरेषा वरच राहते, पण शब्द उजवीकडून डावीकडे जातो. ऱ्हस्व वेलांटी आरशात दीर्घासारखी दिसते, त्यामुळे घाईत 'नितीन'च्या दोन्ही वेलांट्यांची अदलाबदल होऊ शकते. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ चुकून कापली गेली की त्याचा 'व' होतो. अनुस्वाराचा टिंब तर इतका नाजूक असतो की हत्याराच्या एका धक्क्याने उडतो.

यावर उपाय सोपा आहे. ट्रेसिंग पेपरवर नाव सरळ लिहा, कागद पालथा करा आणि मागून दिसणारी अक्षरं कार्बन पेपरने लिनोवर उतरवा.

साहित्य आणि कृती

पहिल्या प्रयत्नाला पोस्टकार्डाएवढा, साधारण १० बाय १५ सेंटीमीटरचा तुकडा पुरे. सोबत बदलत्या पात्यांचं लिनो कटर, रबरी रोलर, ब्लॉक प्रिंटिंगची शाई, काचेचा तुकडा किंवा गुळगुळीत टाइल आणि थोडा पातळ कागद. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात हे मिळतं.

१. चित्र उतरवा. फोटोवरून काढणार असाल तर फोनमध्ये तो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. काय काळं, काय पांढरं, ते स्पष्ट होतं. जो भाग काढायचा त्यावर फुली मारा.

२. लिनो कोमट करा. थोडा वेळ उन्हात ठेवलं की ते मऊ होतं आणि हत्यार सहज चालतं.

३. कोरा. बारीक रेषांसाठी टोकदार पातं, मोठा भाग साफ करण्यासाठी गोल पातं. हत्यार आडवं धरा, खोल खुपसू नका. खालचं तागाचं कापड दिसलं तर फार खोल गेलात. वळण आलं की हत्याराऐवजी लिनोचा तुकडा फिरवा.

४. हात सांभाळा. तुकडा धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे हवा, समोर कधीच नको. लिनोकट शिकताना होणाऱ्या बहुतेक जखमा हा एक नियम मोडल्यामुळे होतात.

५. छापण्याआधी अंदाज घ्या. कोरलेल्या लिनोवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल घासा. नाण्यावर कागद ठेवून लहानपणी करायचो तसंच. कुठे अजून कोरायचं ते कळतं.

६. शाई लावा. काचेवर थोडीशी शाई घेऊन रोलर फिरवा. पातळ, एकसारखा थर झाला की रोलरचा चरचर आवाज येतो. शाई जास्त झाली तर बारीक रेषा बुजतात.

७. छापा. वर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाब देत घासा. एक कोपरा हळूच उचलून पाहा. फिकं वाटलं तर परत टेकवून घासा. मग कागद सावकाश सोलून काढा.

कापलेलं परत येत नाही

पहिला ठसा क्वचितच मनासारखा येतो. कुठे शाई कमी, कुठे नको ती रेघ. त्यात बिघडलं असं काही नसतं. तो चाचणीचाच ठसा असतो. तो पाहून आणखी थोडं कोरायचं आणि पुन्हा छापायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. इथे 'अनडू' नाही. जास्तीचं नंतर काढता येतं, पण काढलेलं परत जोडता येत नाही. म्हणून शंका असेल तर तो भाग तूर्त ठेवा. डोळा चुकून मोठा कोरला गेला तर तो मोठाच राहणार. मग बाकीचा चेहरा त्या डोळ्याशी जुळवून घ्यावा लागतो.

मूळ चित्र कोणतं?

एका लिनोवरून दहा ठसे काढले तर त्यातलं खरं कोणतं? उत्तर आहे, दहाही. फोटोकॉपी ही दुसऱ्या चित्राची नक्कल असते. लिनोकटचा प्रत्येक ठसा मात्र हाताने शाई लावून स्वतंत्र काढलेला असतो. म्हणून कलाकार खाली पेन्सिलने आकडा लिहितात. ३/१० म्हणजे दहापैकी तिसरा. मधे शीर्षक, उजवीकडे सही.

सही करताना पूर्ण नाव लिहायचं, फक्त पहिलं नाव, की आईचंही नाव घालायचं, हे ठरवायला मात्र कुठलाच फॉर्म तुम्हाला सांगणार नाही. मराठीत 'ठसा उमटवणे' हे आपण मोठ्या माणसांबद्दल म्हणतो. पोस्टकार्डाएवढा ठसा उमटवायला एक रविवारची दुपार पुरते. दहातला एक स्वतःकडे ठेवा आणि उरलेले अशांना द्या, ज्यांना वाटतं की ते तुम्हाला पुरते ओळखतात.