सर्व्हर आपला, गप्पा सगळ्यांशी

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. साताऱ्यातल्या सोसायटीच्या ग्रुपचा आणि सांगलीतल्या हळद व्यापाऱ्यांच्या ग्रुपचा एरवी काही संबंध नसतो. पण त्या रात्री असे सगळेच ग्रुप एकदम गप्प झाले. सगळ्यांचे निरोप एकाच कंपनीच्या यंत्रणेतून जात होते आणि बिघाड नेमका त्याच यंत्रणेत झाला होता.

ई-मेलचं असं होत नाही. जीमेलवरून लिहिलेलं पत्र याहूवर पोचतं, महाविद्यालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवरही पोचतं. कंपन्या वेगळ्या असल्या तरी पत्र पोचवण्याचे तांत्रिक नियम सर्वांचे एकच आहेत. असे सामाईक नियम पाळून अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी बोलतात, तेव्हा त्या रचनेला फेडरेटेड, म्हणजे संघीय म्हणतात. हीच रचना समाजमाध्यमांना लावली की मॅस्टोडॉन तयार होतं. ते २०१६ मध्ये जर्मनीत ऑयगन रोख्को या तरुणानं सुरू केलं. त्याचा सामाईक नियमसंच म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं तो जानेवारी २०१८ मध्ये मान्य केला.

एक पोस्ट, दोन गावं

समजा, कराडच्या एका वाचनालयानं मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवायला घेतला आणि सांगलीच्या एका नाट्यसंस्थेनं दुसरा. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता येतो. कराडची मीना वाचनालयाच्या सर्व्हरवर खातं उघडते. तिच्या पत्त्याचे दोन भाग असतात: आधी तिचं नाव, मग सर्व्हरचं नाव.

तिला सांगलीच्या सुहासच्या पोस्ट वाचायच्या आहेत. ती त्याचा पूर्ण पत्ता शोधते. कराडचा सर्व्हर सांगलीच्या सर्व्हरला विचारतो, ‘या नावाचं कुणी तुमच्याकडे आहे का?’ होकार आला की मीना ‘फॉलो’ करते आणि सांगलीचा सर्व्हर तिची नोंद ठेवतो. पुढे सुहासनं पोस्ट लिहिली की तिची प्रत कराडला पाठवली जाते. सोबत डिजिटल सही असते, म्हणून ती खरोखर सुहासच्या खात्यातूनच आली हे कराडचा सर्व्हर तपासू शकतो. मीनाला पोस्ट आपल्याच सर्व्हरवर दिसते आणि तिचं उत्तर त्याच वाटेनं सांगलीला जातं.

पोस्ट लागतात त्या वेळेच्या क्रमानं. मध्ये जाहिरात नसते आणि कुणाला काय दाखवायचं हे ठरवणारं गणित नसतं.

नियम कुणाचे?

प्रत्येक सर्व्हरचे नियम त्याचा चालक ठरवतो. एखाद्या सर्व्हरवरून शिवीगाळ किंवा अफवा येत राहिल्या, तर कराडवाले त्या सर्व्हरशी संबंध तोडू शकतात. त्यांच्यापुरता तो दिसेनासा होतो, बाकीचे हवं तर त्याच्याशी बोलत राहतात. आणि कराडचा चालकच मनमानी करू लागला, तर मीना खातं दुसऱ्या सर्व्हरवर हलवू शकते. तिचे फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात.

भारतात मॅस्टोडॉनचं नाव गाजलं ते २०१९ च्या अखेरीस. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं आणि निषेध म्हणून अनेक जण मॅस्टोडॉनवर गेले. बरेच जण काही दिवसांत परत फिरले, कारण ओळखीचे लोक ट्विटरवरच होते. आजही मुख्य अडचण हीच आहे.

काय होत नाही

मॅस्टोडॉनवरचे खासगी निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतात. सर्व्हरचालकाला ते वाचता येतात. पुसलेल्या पोस्टची प्रत दुसऱ्या सर्व्हरवरून पुसली जाईलच, याची खात्री नसते. आणि इंटरनेटच बंद झालं, जसं सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यात झालं, तर आपल्या सर्व्हरचाही उपयोग नाही.

खासगी गप्पांसाठी एक्सएमपीपी हा वेगळा नियमसंच १९९९ पासून वापरात आहे. त्यातही नाव आणि सर्व्हर असाच पत्ता असतो आणि ओमेमो या पद्धतीनं निरोप कुलूपबंद करता येतो. गूगल टॉक हीच भाषा बोलत असे आणि बाहेरच्या सर्व्हरशी जोडलेलं होतं. २०१३ मध्ये गूगलनं हँगआउट्स आणलं आणि ते दार हळूहळू बंद केलं. नियम खुले असले तरी मोठा मालक मनात आलं की निघून जातो, हा त्यातला धडा.

मालकी सभासदांची

म्हणून सर्व्हर कुणाचा, हा प्रश्न सॉफ्टवेअरइतकाच महत्त्वाचा ठरतो. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी ‘प्राव’ नावाची एक्सएमपीपीवरची निरोप सेवा बहुराज्य सहकारी संस्थेमार्फत चालवायची कल्पना मांडली. मोबाइल क्रमांकानं खातं उघडायचं, निरोप इतर एक्सएमपीपी सर्व्हरवरही जाणार आणि निर्णय सभासद घेणार. २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्यानुसार अशा संस्थेला प्रत्येक संबंधित राज्यातून किमान पन्नास सभासद लागतात.

सातारा-सांगलीकरांना हे परकं वाटायचं कारण नाही. शेअर, वार्षिक सभा, संचालक मंडळ, लेखापरीक्षण हे शब्द इथे साखर कारखान्यापासून दूध संघापर्यंत घराघरात माहीत आहेत. सभासदांनी लक्ष काढून घेतलं की संस्थेचं काय होतं, तेही माहीत आहे. तांत्रिक हातही आहेत. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे.

खर्च काय येतो? सर्व्हरचं भाडं, डोमेनचं नाव, रोजचा बॅकअप, आणि सर्वांत महाग म्हणजे माणसाचा वेळ: तक्रारी वाचायच्या, खोटी खाती काढायची, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवायचं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रार निवारण अधिकारी नेमणं, तक्रारीची पोच २४ तासांत देणं आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढणं हे छोट्या सर्व्हरचालकालाही लागू होतं. उत्साहानं सुरू केलेले सर्व्हर बंद पडतात ते बहुधा याच कामाच्या ओझ्यानं.

तेव्हा व्हॉट्सॲप काढून टाकायची घाई नको. संस्थेचा एकच ग्रुप, समजा संचालक मंडळाचा किंवा नाटकाच्या तालमीचा, एक्सएमपीपीवर हलवून पाहा. सर्व्हर निवडताना तीन गोष्टी विचारा: तो कोण चालवतो, पैसे कुठून येतात, आणि उद्या बाहेर पडायचं झालं तर आपलं काय सोबत नेता येईल. या तिन्हींची सरळ उत्तरं मिळत नसतील, तर तो सर्व्हर कितीही खुला म्हणवत असला तरी तिथे खातं उघडू नका.