परसबागेतील तगर आणि मातीतील हुमणी

महाराष्ट्रात तगर म्हटले की अंगणातील पांढऱ्या फुलांचे झुडूप डोळ्यांपुढे येते. औषधी बाजारात ‘तगरगंठोडा’ म्हणून विकली जाणारी मुळे मात्र त्या झुडपाची नव्हेत. ती हिमालयातील व्हॅलेरियाना जटामांसी या वनस्पतीची. शास्त्रीय नावामुळे घोटाळा आणखी वाढतो, कारण आयुर्वेदातील जटामांसी ही नार्डोस्टॅकिस नावाची, अधिक उंचीवर वाढणारी निराळीच वनस्पती आहे. रोपे मागवताना शास्त्रीय नाव पूर्ण लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

हिमाचल प्रदेश व उत्तराखंडात सुमारे १,००० ते ३,००० मीटर उंचीवरील ओलसर, सावलीच्या उतारांवर ही बहुवर्षायू वनस्पती वाढते. उपयोग मुळांचा असल्याने जंगलातून गोळा करताना संपूर्ण झाड उपटले जाते आणि त्याबरोबर पुढचे बीही जाते. घराशेजारच्या दोन-चार वाफ्यांतील लागवडीला त्यामुळे मोल आहे. पालमपूर येथील सीएसआयआरच्या हिमालय जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेने ‘हिमबाला’ हा वाणही उपलब्ध करून दिला आहे.

लागवड अवघड नाही. भुसभुशीत, सेंद्रिय पदार्थयुक्त, उत्तम निचऱ्याची माती आणि विरळ सावली एवढ्यावर तगर समाधानी असते. जुन्या मूळखोडाचे डोळे असलेले तुकडे किंवा बियांपासून केलेली रोपे सुमारे ३० ते ४० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. माती ओली हवी, परंतु पाणी साचले की मुळे कुजतात.

खरा प्रश्न सावली कोणाची, हा आहे. पहाडी घरांभोवती जर्दाळू, अक्रोड, आलुबुखारा, सफरचंद हीच झाडे असतात आणि वाफा साहजिकच त्यांच्याखाली केला जातो. हुमणीच्या भुंगेऱ्यांनाही हीच झाडे प्रिय आहेत. मोसमी पावसाच्या सुमारास संध्याकाळी जमिनीतून निघालेले भुंगेरे त्यांवर पाला खाण्यासाठी व मीलनासाठी जमतात. माद्या पुढे ओलसर, भुसभुशीत मातीत अंडी घालतात. अळ्या मुळांवर जगतात. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना कडुनिंब-बाभळीवर जमणाऱ्या भुंगेऱ्यांमुळे हे चक्र परिचित आहे; पहाडात प्रजाती वेगळ्या, रीत तीच. इतर पिकांत मुळांची हानी झाली तरी थोडेफार उत्पन्न हाती लागते. येथे मूळ हेच उत्पन्न आहे.

शक्य असल्यास वाफा घराच्या उत्तर बाजूस किंवा बांज (ओक) वृक्षांच्या कडेला घ्यावा. फळझाडाखालीच घेणे भाग असेल, तर पावसाच्या आरंभीच्या दिवसांत रात्री फांद्या हलवून खाली अंथरलेल्या चादरीवर भुंगेरे पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. एकट्याने केलेला हा उद्योग फारसा उपयोगी नाही. शेजारच्या घरांनीही त्याच दिवसांत तो करायला हवा. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेने यासाठी प्रकाश सापळाही विकसित केला आहे. कच्चे शेणखत कदापि घालू नये, कारण त्यातूनच अळ्या वाफ्यात येतात. मेटारायझियम बुरशी पूर्ण कुजलेल्या खतात मिसळून लागवडीपूर्वी ओल्या मातीत द्यावी. ती सावकाश काम करते, हे लागवडदारास आधीच सांगितलेले बरे.

मातीत रासायनिक कीटकनाशक ओतण्याचा मोह मात्र आवरावा. जे मूळ वाळवून औषधात जाणार, तेच त्या मातीत दीड-दोन वर्षे मुरत असते. वसंतातील फुलोऱ्यावर मावा दिसला तरी फवारणीची घाई नको. सिरफिड माश्यांच्या अळ्या मावा फस्त करतात, आणि प्रौढ माश्या त्याच फुलांवर येतात.

दुसऱ्या शरदात पाने पिवळी पडू लागली की काढणी करावी. मुळे धुऊन सावलीतच वाळवावीत. त्यांतील व्हॅलेपोट्रिएट ही द्रव्ये उष्णतेने विघटित होतात. वाळताना येणारा उग्र वास बिघाडाचे लक्षण नव्हे. मांजरांना तो फार आवडतो, तेव्हा टोपल्या झाकाव्यात. खोदलेल्या मातीतील पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या वेचून नष्ट कराव्यात आणि डोळे असलेले शेंडे त्याच दिवशी दुसऱ्या वाफ्यात लावावेत.